पऱ्हाटीतला पांढरा बॉल

गोल्फच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला: "आठवा प्लेयर पाहिजे. कसाही चालेल." मी आठ महिने नागपूरच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉल मारतेय, खऱ्या गोल्फ कोर्सवर कधी पायही ठेवला नव्हता. 'कसाही' वाचलं आणि लगेच हो टाकलं.

मेसेज मेश्राम काकांचा होता. गुरांचे डॉक्टर, आता रिटायर्ड, आणि वडनेरजवळच्या एका छोट्या प्रायव्हेट गोल्फ क्लबचे सेक्रेटरी. फोनवर म्हणाले, "क्लबच्या कपासाठी आठ जणांची स्कोअरकार्डं पूर्ण लागतात बेटा. तीन वर्षं झाली, सातच होऊन राह्यले. यंदाबी नाई झाले तर जमिनीचे मालक म्हणते, सगळीकडे कापूसच लावतो."

म्हणजे क्लबच बंद.

कसं जायचं ते सांगते. सकाळची एसटी नागपूर ते हिंगणघाट, मग दुसरी बस, वडनेर अर्ध्या तासात. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जाऊन-येऊन दोनशेच्या आत झालं. माझी गोल्फ बॅग बघून कंडक्टर थांबलेच. "काऊन वो म्याडम, येवढ्या काठ्या? तुमचं तिकीट अर्धं, पण ह्या बोचक्याचं फुल लागन!" सगळी बस हसली. लावलं नाही, थँक यू दादा.

फाट्यावर काका स्कूटर घेऊन उभे होते. क्लब म्हणजे नऊ होल, एक टिनाची शेड आणि मध्येमध्ये कापसाची वावरं. हिवाळा होता, बोंडं फुटलेली. होलभोवतीचं ग्रीन हिरवं नाहीच! रेतीत जळकं ऑइल मिसळून केलेला काळपट गोल. इथे त्याला ब्राऊन म्हणतात, आणि आपलं खेळून झालं की ओलं पोतं ओढून तो आपणच सपाट करायचा.

शेडमध्ये विजेत्यांचा लाकडी बोर्ड आहे. सध्याच्या मालकांच्या आजोबांची कापसाची जिनिंग मिल होती, त्यांनी हौसेने स्वतःच्या जमिनीवर हे सुरू केलं. सुरुवातीला जिनिंगचे इंजिनिअर आणि बँकवाले खेळायचे, मग डॉक्टर, मास्तर आले. बोर्डवर शेवटच्या तीन ओळींत एकच वाक्य: कप झाला नाही.

तेव्हा बॉल लांबून पार्सलने यायचे, म्हणून एक विचित्र नियम पडला. एका माणसाला एकच पांढरा बॉल. हरवला की कार्ड बाद.

"मग रंगीत बॉल का नाही घेत?" मी विचारलं.

"तवा भेटत नव्हते. आता नियम हाये."

मी बॉलवर निळा ठिपका काढला आणि सुरू केलं. सहा होल कसेतरी झाले. सातव्यावर बॉल उडाला आणि थेट पऱ्हाटीत. पांढऱ्या कापसात पांढरा बॉल! एका झाडाच्या बुडाशी दिसला, मी जोरात हाणला, आणि कापूस भुर्रकन उडाला. ते बोंड होतं.

"मॅडमनं सरकी काढली!" मागून कोणीतरी ओरडलं.

मीही हसले, पण काका हसत नव्हते. ते वाकून ओळीओळीने शोधत होते. पाच मिनिटं मिळतात. चार गेली होती.

तेवढ्यात कापूस वेचणाऱ्या शेवंताबाई आल्या. त्यांनी कमरेची ओटी पालथी केली. कापसाच्या ढिगात निळा ठिपका.

"मले बोंडच वाटलं माय. ओटीत जड लागलं म्हणून पायलं."

क्लबचा अजून एक जुना नियम: वेचणारी सांगेल तिथून खेळायचं, तिचा शब्द शेवटचा. शेवंताबाईंनी लांब धुऱ्याकडे बोट दाखवलं, दोन वावरांमधल्या दगड-काट्यांच्या बांधाकडे. कोर्सवरची सगळ्यात वाईट जागा.

"नक्की तिथंच?" काकांनी हळूच विचारलं.

"मीनंच वेचला ना साहेब. अलीकडं काऊन सांगू?"

बरोबर होतं. धुऱ्यावरून बाहेर यायला मला सात फटके लागले. त्या होलला चौदा, एकूण एक्याऐंशी. पण बॉल शेवटपर्यंत तोच राहिला, कार्ड भरलं, सही केली. आठ कार्डं! काकांनी ती मालकांसमोर ठेवली. त्यांनी ती दोनदा मोजली आणि म्हणाले, "लिवा मंग नाव." पहिल्या आलेल्या हिंगणघाटच्या एका डेंटिस्टचं नाव बोर्डवर लागलं. काकांनी ते स्वतः ब्रशने रंगवलं.

जेवायला भरीत, कळण्याची भाकर आणि जवसाची चटणी, एन्ट्री फीच्या तीनशे रुपयांतच. शेवंताबाई शेजारीच बसल्या होत्या. मी थँक यू म्हटलं तर म्हणाल्या, "कायचं? खाय, बस जाईन."

संध्याकाळी घरी पोचले. हातांवर काट्यांचे ओरखडे होते. पप्पांनी विचारलं, "कितवी आलीस?"

"आठवी."

"किती जणांत?"

"आठ."

"अरेरे," म्हणाले.

"अरेरे काय पप्पा? मी आठवी आले नसते, तर पहिलं कोणीच आलं नसतं."