भरती झालो ते वर्ष

पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढायला लागलं की काही वळणांनंतर डाव्या हाताला आमच्या वाडीची पायवाट फुटते. त्या घाटरस्त्यावर मी आणि माझा जोडीदार रोज पहाटे धावायचो. जोडीदार खालच्या वाडीतला, पहिलीपासून माझ्याच बाकावर बसलेला. दोन वर्षं आम्ही एकही दिवस चुकवला नाही. चढाला पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, तोंडाला कोरड पडायची. तो नेहमी पुढं. वळणावर थांबून मागं बघायचा आणि ओरडायचा, "ये रे, म्हातारा झालास काय?" मी शिव्या देत चढायचो. अजून कधी त्या रस्त्यानं गेलो की छातीत तीच धाप भरते, आणि खरं सांगायचं तर ती बरी वाटते.

फेब्रुवारीत आम्ही दोघं भरतीला गेलो. धावणं झालं, मेडिकल झालं, नंतर लेखी परीक्षा. निवडयादी आली तेव्हा मी शेतात राब भाजत होतो, भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळत. हात राखेनं काळे, म्हणून मोबाइल वडिलांनी धरला आणि जोडीदारानं फोनवरून आमच्या दोघांचे नंबर वाचून दाखवले. वडील कमी बोलणारे. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाले, "आग बघ, बांधाकडं चाललीय." संध्याकाळी मात्र वाडीतल्या प्रत्येक घरी ते स्वतः सांगायला गेले.

आमच्या वाडीत एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी मला बोलावून ट्रंक कशी भरायची ते दाखवलं. जूनमध्ये ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचं होतं. त्याआधी चारित्र्य पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात द्यायचा होता. त्यात एक रकाना होता : आपल्यावर कोणताही गुन्हा दाखल आहे काय? मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं. त्या दिवशी ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फॉर्म सदऱ्याच्या आत खोचून मी वडिलांची मोटरसायकल काढली. लायसन नवं होतं. उताराला इंजिन बंद करून गाडी सोडायची आम्हा सगळ्या पोरांना सवय होती. पेट्रोल वाचतं, असं आम्ही सांगायचो. पण खरं कारण ते नव्हतं. इंजिन बंद झालं की फक्त वारा ऐकू यायचा, आणि आपण उडत चाललोय असं वाटायचं.

एप्रिलअखेरचे दिवस. घाटात करवंदं पिकली होती. वरच्या वाडीतली एक बाई रोज एका वळणावर करवंदांची पाटी घेऊन बसायची आणि पानाच्या द्रोणात भरून महाबळेश्वरला जाणाऱ्या पर्यटकांना विकायची. पन्नाशीची, विधवा. मुलगा मुंबईत कुरिअरच्या कामाला. आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. त्या दिवशी खालून एक गाडी वर येत होती. तिला थांबवायला काकी द्रोण उंच धरून रस्त्यावर आली, आणि वरून मी आलो. आवाज न करता.

ब्रेक दाबला, पण चाक खडीवर घसरलं. काकी पडली, मी पडलो, करवंदं रस्ताभर उधळली. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "पाटी बघ रे माझी."

तीच वर येणारी गाडी थांबली. त्या लोकांच्या मदतीनं आम्ही काकीला पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथून पुढं महाडला. एक्स-रेत दोन ठिकाणी हाड मोडलेलं. फॉर्म माझ्या अंगावरच होता, घामानं आणि तिच्या रक्तानं भिजलेला.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा मुंबईहून आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो माझ्यासमोर उभा राहिला. वडील माझ्या शेजारी होते.

"तू मिल्ट्रीत जाशील," तो म्हणाला. "युनिफॉर्म घालून फोटो टाकशील. माझ्या आयशीचा पाय मोडला, तिला कोण बघणार?"

वडील हात जोडून म्हणाले, "आम्ही बघतो रे. आमचीच हाय ती."

"आता बघताय. मी कंप्लेंट देणार."

त्यानं तक्रार दिली. मला त्याचा राग आला नाही, असं मी आज म्हणतो. तेव्हा आला होता, भरपूर. पोलिसांनी जबाब घेतला. गाडी किती वेगात होती, हॉर्न दिला का, दारू घेतली होती का, सगळं विचारलं. इंजिन चालू होतं का, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

महाडला वकील केला. भला माणूस. त्यानं कागद चाळले आणि सांगितलं की अशा प्रकरणात बहुतेक लोक गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि त्याच दिवशी मोकळे होतात. वडिलांचा चेहरा उजळला. पण सुभेदार आमच्याबरोबर आले होते. ते म्हणाले, "वकीलसाहेब, कबूल केलं की शिक्षा झाली, असंच कागदावर येणार ना? मग सैन्यात कोण घेईल ह्याला?"

वकिलानं पेन खाली ठेवलं. "मग लढावं लागेल. आणि लढायचं म्हणजे तारखा."

सुभेदारांच्याच सांगण्यावरून वडील आणि मी मुंबईला भरती कार्यालयात जाऊन सगळं खरं सांगून आलो. तिथल्या हवालदारानं माझी फाइल काढली आणि नंबर ताडून बघितला. म्हणाला, "स्वतःहून आलास ते चांगलं केलंस. पण केस चालू असताना तुला पाठवता येत नाही. निर्दोष सुटल्याचा निकाल आण, डिसेंबरच्या तुकडीत पाठवू. एवढं लक्षात ठेव, ही यादी या वर्षापुरतीच आहे." परतताना वडिलांनी मला कलिंगडाची फोड घेऊन दिली, लहानपणी द्यायचे तशी. मी वीस वर्षांचा होतो. खाल्ली.

काकी पंधरा दिवसांनी घरी आली, मांडीपर्यंत प्लास्टर. मुलाची रजा संपली, तो परत गेला. आणि मे महिन्यात आमच्याकडं पाण्याचे हाल. वाडीच्या खाली ओहोळात एक झरा होता, तिथून हंडे भरून चढायचं. पहाटे पाचला उठायची सवय मोडली नव्हती, पण धावायचं कशासाठी हे कळेनासं झालं होतं. एका पहाटे मी झऱ्यावर जाऊन दोन हंडे भरले आणि वरच्या वाडीत काकीच्या ओट्यावर नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच.

वकिलाला कळलं तेव्हा तो चिडला. "ती फिर्यादीकडची मुख्य साक्षीदार आहे. तू तिला फितवतोस असं म्हणतील. जाऊ नकोस."

मी काकीला तसं सांगितलं. ती दारात पाय लांब करून तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पाणी आनतोस म्हनून मी खोटं बोलनार नाय. नाय आनलंस तरी खोटं बोलनार नाय. आता तुला आनायचं तर आन."

मी आणत राहिलो. ती चहा द्यायची, गूळ घातलेला, कोरा. कुबडीवर कशी चालते ते मला दाखवायची आणि स्वतःच हसायची. कधी मुलाला फोन लावून द्यायला सांगायची. तो पहिल्यांदा माझा आवाज ऐकून "आईला दे" एवढंच म्हणाला. नंतर नंतर "औषध घेतलं का तिनं?" एवढं विचारू लागला. एकदा म्हणाला, "तुझं जेवण झालं?" बस्स, अपघाताबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

जूनमध्ये जोडीदार निघाला. त्याला सोडायला मी वीर स्टेशनला गेलो. महाडहून रिक्षा केली, ट्रंक दोघांच्या मांडीवर. दुपारची पॅसेंजर होती. फलाटावर त्याची आई, बहीण, मामा. तो सगळ्यांच्या पाया पडला आणि माझ्यापाशी आला तेव्हा काय करावं त्याला कळेना. आम्ही मिठी मारणारे नव्हतो.

"डिसेंबरला येशीलच तू," तो म्हणाला. "मी सांगून ठेवतो तिथं, माझा एक भाऊ यायचाय म्हणून."

"सांग," मी म्हणालो.

"धावत राहा रे. म्हातारा होशील."

गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता. मी फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चाललो. धावलो नाही, कारण सगळे बघत होते. परत येताना रिक्षावाल्यानं विचारलं, "भाऊ गेला काय मिल्ट्रीत?" मी हो म्हणालो.

मग तारखा. पावसाळ्यात दरड आली म्हणून एक तारीख बुडाली. एकदा पंच आले नाहीत, एकदा डॉक्टरांना वेळ नव्हता. कोर्टाच्या आवारात एका झाडाखाली बसून बसून मला तिथले सगळे चेहरे ओळखीचे झाले. डिसेंबर आला आणि गेला. यादीची मुदत संपली. पुढची भरती निघाली तेव्हा माझं वय चार महिन्यांनी जास्त भरत होतं. मी हे घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "चार महिने म्हंजे काय फार झाले काय?" त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

खटला मात्र चालूच होता. काकीची साक्ष फेब्रुवारीत झाली. ती काठी टेकत पिंजऱ्यात चढली, शपथ घेतली. सरकारी वकिलानं विचारलं, "गाडी वेगात होती?"

"होती."

आमच्या वकिलानं डोळे मिटले.

"मी पन रस्त्यात मधी आले होते, साहेब," काकी पुढं म्हणाली. "खालच्या गाडीकडं बघत होते. वरनं कोन येतं ते बघितलंच नाय. मला आवाज आला नाय."

"आरोपीनं नंतर काय केलं?"

"मला उचललं. दवाखान्यात बसला दोन दिवस. त्याचा पन हात सोलला होता, त्यानं दाखवला नाय डॉक्टरला."

न्यायाधीशांनी ते सगळं लिहून घेतलं. 'आवाज आला नाय' या वाक्याशी मी थांबलो होतो. आता सरकारी वकील विचारतील, आवाज का आला नाही? त्यांनी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात निकाल लागला. बाई स्वतः रस्त्यात आल्या होत्या आणि निष्काळजीपणा निःसंशय सिद्ध होत नाही, म्हणून मी निर्दोष.

निकालाला काकी आली होती. मुलगाही रजा काढून आला होता. बाहेर पडल्यावर तो मला म्हणाला, "आईला एसटीपर्यंत सोड, मी औषधं घेऊन येतो." काकी म्हणाली तिला जरा बसायचंय. तिला चवदार तळ्यापाशी नेलं. काठावर बसून तिनं पाय लांब केला. वीस मार्चच्या सत्याग्रह दिनाचे मांडव उभारायचं काम चाललं होतं, बांबू ठोकल्याचा आवाज येत होता. "बाजाराला किती वर्सं आले," ती म्हणाली, "पन हितं बसले नाय कधी."

मग विचारलं, "आता कधी जायचं तुला? मिल्ट्रीत?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं की वय गेलं. तिनं काठी बाजूला ठेवली आणि दुखरा पाय चोळू लागली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काकी, गाडी बंद होती. उताराला सोडली होती. म्हणून तुला आवाज आला नाय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमी समदी पोरं तशीच सोडता."

"मग बोलली नाहीस?"

"कुनी इचारलं? इचारलं असतं तर सांगितलं असतं." आणि माझ्याकडं वळून, "तू का नाय बोललास?"

"घाबरलो."

"हां," ती म्हणाली. एवढंच. माफ केलं असं म्हणाली नाही, रागावलीही नाही. मांडव घालणाऱ्यांकडून पाण्याची बाटली मागून घेतली, आधी मला दिली.

आता मी महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्टला आहे. घर महाडलाच केलं, पण सुट्टीला वाडीत जातो. काकी पुढं मुलाकडं मुंबईला गेली, दोन वर्षांत कंटाळून परत आली, आणि किंचित लंगडत का होईना, पुन्हा करवंदं विकायला बसू लागली. वळणावर नाही, पुढच्या सपाटीला एका वडाखाली. तिथं गाड्या आपोआप थांबतात.

जोडीदार रजेवर आला की आम्ही पहाटे घाटात जातो. धावत नाही, चालतो. त्याचा गुडघा दुखतो हल्ली, तिकडं सीमेवरच्या डोंगरात कुठं तरी पडला होता. तो तिकडच्या बर्फाच्या गोष्टी सांगतो, मी कारखान्याच्या. एकदा त्यानं विचारलं, तुला अजून वाईट वाटतं का रे? मी खरं ते सांगितलं, की वाटतं, पण रोज नाही. आणि ज्या दिवशी वाटतं त्या दिवशी आठवतात त्या मे महिन्यातल्या पहाटा : ओहोळातला काळोख, हंड्यात पडणारी पाण्याची बारीक धार, आणि वर ओट्यावर चूल पेटवून वाट बघत बसलेली काकी.