नडगीचा आकडा

बैलबाजारात माझा हात रुमालाखाली होता तेव्हा फोन वाजला. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून ठरवतात. सौदा तुटायला आला होता म्हणून मी फोन उचलला नाही. तो पुन्हा वाजला, पुन्हा वाजला... शेवटी चिडून कानाला लावला. पलीकडून हौसा, माझी बायको, एवढंच म्हणाली, "केडगावच्या मॅडम गेल्या." मी हात काढून घेतला. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं शेठ, भाव पटला न्हाई का?" मी रुमाल खांद्यावर टाकला आणि गाडीकडे निघालो.

याला आता महिना झाला. मॅडमविषयी लिहायचं तर आधी सांगून टाकतो, त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

मी जामखेडकडचा. पंचविशीपर्यंत ऊस तोडला, मग एका बैलापासून व्यापार उभा केला. दोन वर्षांपूर्वी एक मारका बैल जादा भावाच्या आशेनं दावणीला ठेवून घेतला होता. हौसा रोज म्हणायची, "इकून टाका." मी ऐकलं नाही. त्यानं तिच्या नडगीवर लाथ घातली, हाड मोडलं. चार महिन्यांनी प्लास्टर निघालं, पण एक्स-रेच्या फोटोत फट तशीच. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत सळई घालावी लागेल असं सांगितलं. हौसा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी पाय कापून घ्यायची न्हाई." मग त्याच डॉक्टरांनी थोडं थांबायची तयारी दाखवली आणि हाड आतून जुळतंय का ते बघायला आम्हाला केडगावला, हाडं तपासणाऱ्या या मॅडमकडे धाडलं.

मॅडमचं मशीन जेवणाच्या डब्याएवढं. सोनोग्राफीत असतो तसाच, कानाला न ऐकू येणारा आवाज. पण इथं तो नडगीच्या हाडातून लांबीनं पळवायचा आणि त्याचा वेग मोजायचा. सलग, भरीव हाडात तो जोरात पळतो, फटीपाशी अडखळतो. आधी चांगला पाय मोजला, सेकंदाला एकोणचाळीसशे मीटर. मग मोडलेला. एकतीसशे.

"एकतीस काय म्हणता?" मी उसळलो. "निदान पस्तीस तरी लिहा!"

घासाघीस करायची सवयच ती. हौसानं कपाळाला हात लावला. मॅडम हसल्या नाहीत.

"भाऊ, मी पस्तीस लिहीन. पाय एकतीसवरच राहील."

"तीस वर्षं बैलांचे पाय चाचपतोय मी. मला शिकवू नका."

"मग बाहेर बसा. तुम्ही ओरडलात की यांचा पाय हलतो."

पुढच्या तिन्ही खेपांना मला खोलीबाहेर बसवलं. आकडाही सांगेनात. "पाय हौसाताईंचा आहे. सांगायचं की नाही ते त्या ठरवतील." जामखेडहून गाडी हाणत मी यायचो, आणि मीच परका!

त्या बाकड्यावर बसून मॅडम कळत गेल्या, हेही खरं. ऊसतोडीला निघणाऱ्या बायका हाडं तपासून घ्यायला तिथं रांगेत असायच्या. मॅडम प्रत्येकीचा आकडा तिलाच समजावून सांगायच्या. सासूला नाही, टोळी नेणाऱ्या मुकादमाला तर नाहीच. एकदा एका मुकादमानं दारातून विचारलं, "बाई मोळी उचलंल का?" मॅडम म्हणाल्या, "तुमची नडगी आणा, ती उचलेल का ते आधी बघते." मला हसू फुटलं, पण राग होता म्हणून गिळलं.

त्यातल्या तिसऱ्या खेपेला हौसा बाहेर आली. चेहऱ्यावर काही दिसेना. ही बाई बाजारात उतरली असती तर मला विकून आली असती.

"किती?"

"आदी त्यो बैल इका."

"भाव आला की..."

"मग ऱ्हाऊ द्या."

"बरं, विकतो! येईल त्या भावाला विकतो!"

तेव्हा तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि त्याखाली माझा हात धरला. आमच्या बाजारात बायका सौद्याला नसतात. हिनं कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे... आधी तीन बोटं दाबली. थांबली. मग चार... आणि पुन्हा चार. तीनाचे तीस, चार नि चार आठ.

"अडतीस!" मी असा ओरडलो की रांगेतली पोरं रडायला लागली.

आतून मॅडमचा आवाज आला, "झालं असेल ओरडून तर या आता आत."

पुढच्या फोटोत हाड सांधलेलं दिसलं. सळई घालावी लागली नाही. बैल घाट्यात गेला, त्याचं मला काही नाही. पण माझ्या बायकोचा पाय जुळल्याचं मला आधी का सांगितलं नाही, यावर मॅडमशी एकदा कडकडून भांडायचं होतं. ते राहिलं...

त्या गेल्यावर त्यांच्या घरच्यांना भेटायला निघालो तेव्हा मी गाडी दारापर्यंत नेणार होतो. हौसानं पुणे रस्त्यालाच थांबवली. "त्यांच्या दारात मी चालत जानार." भर उन्हात ती पुढं, मी धापा टाकत मागं. घराला दहा पायऱ्या, कठडा नाही. मी हात पुढं केला. तिनं बघितलंही नाही. पदर खोचला आणि मोडलेला पाय आधी टाकला.