पेटी सतरामधली बंदूक

माझ्या धाकट्या भावाने आफ्रिकेतून बंदूक चोरून आणली नाही. ती त्याने रीतसर कागदावर लिहून आणली होती आणि तो कागद माझ्या हातात होता. आमच्या गावात, म्हणजे नेरूळच्या पोटातल्या सारसोळ्यात, गेली चोवीस वर्षं लोक याच्या उलट बोलत आले आहेत. त्यांना तसं बोलायला मी लावलं.

मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो मला तेव्हा आवडत नव्हता आणि आजही फारसा आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर म्हाताऱ्याला भावाचा उमाळा आला असं वाचणाऱ्याला वाटेल.

भाऊ चोविसाव्या वर्षी टांझानियाला गेला. तिथे एका मोठ्या शेतमळ्यावर आधी मुकादम होता, मग मॅनेजर झाला. मक्यात रानडुकरं घुसायची म्हणून मालकाने त्याला बंदुकीचा परवाना काढून दिला. पुढे त्याने स्वतःची शिकारीची रायफल घेतली. मेलेल्या डुकरावर पाय ठेवून, हातात ती रायफल धरून काढलेला एक फोटो त्याने घरी पाठवला. बाबांनी तो मोठा करून आणला आणि बाहेरच्या खोलीत लावला. बाबांची सगळी हयात भातशेतीत डुकरं हाकलण्यात गेली होती, तीही रिकामा डबा बडवून. घरी पोस्टमन आला तरी बाबा त्याला आधी फोटो दाखवायचे. "यो माजा धाकटा. एका गोलीत पारला."

माझा फोटो भिंतीवर नव्हता. बाबांना डॉक्टरकडे नेणं, आईचं आजारपण, सिडकोच्या कचेरीतले हेलपाटे हे सगळं माझ्याकडे होतं. त्याचा फोटो कोण काढणार?

मी वाशीला एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून होतो. परदेशातून कायमचं परत येणाऱ्या लोकांचं घरसामान कंटेनरमधून उरणच्या बाजूला बंदरात येई. त्याचे कागद करून ते कस्टममधून सोडवणं हे माझं काम. पंचवीस वर्षं तेच केलं. त्यामुळे नियम मला पाठ होता. परत येणाऱ्या माणसाला स्वतःची वापरातली एक बंदूक आणता येत असे. इथल्या पोलिसांकडे परवान्याचा अर्ज करायचा आणि सामानाच्या जाहीरनाम्यात बंदूक स्पष्ट लिहायची. मग परवाना हातात येईपर्यंत कस्टमवाले ती ठेवून घेत. बाकी काही नाही.

भावाचं परत यायचं ठरलं तेव्हा बंदूक तिथेच विकून टाकायचं त्याच्या मनात होतं. बाबांनी फोनवर हट्ट धरला, "ती घेऊन ये. एकदा हातात धरू दे मना." मग भावाने मला सगळे कागद पाठवले. सामानाची यादी, सही केलेला परवान्याचा अर्ज, तिथल्या परवान्याची प्रत. यादी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती, एकेका पेटीत काय आहे ते. पेटी सतरा: गादी, दोन गोधड्या, गोधडीत गुंडाळलेली रायफल एक, काडतुसं नाहीत. त्याखाली रायफलचा नंबर.

पाठोपाठ त्याचा फोन आला.

"दादा, यादी भेटली?"

"भेटली."

"नीट टाईप कर. पेटी सतरा बघ. आनि अर्ज लगेच देऊन टाक."

"मी हेच काम करतो रे. तू मला शिकवू नको."

"शिकवत नाय. तू घाईत असतोस म्हनून सांगतो. बाबा पन बोल्लं, दादाकडून नीट लिहून घे."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. मी फोन ठेवला आणि त्याची यादी बाजूला सारली.

आमच्या ऑफिसात अशा घरसामानाची एक जुनी टाईप केलेली यादी असायची. भांडी, कपडे, गाद्या, पुस्तकं, खेळणी. बहुतेकांचं सामान सारखंच, त्यामुळे आम्ही तीच यादी काढून नाव बदलायचो. भावाची यादी मी त्याच साच्यात टाईप केली. पेटी सतरापाशी आलो. 'बेडिंग' इतकंच टाईप केलं.

राहून गेलं असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. राहून गेलं नव्हतं. त्या ओळीपाशी मी थांबलो, चहा मागवला, तो प्यालो आणि मग पुढची पेटी घेतली. पोलिसांकडचा अर्ज खणात ठेवून दिला. जहाज समुद्रात होतं तोवर महिनाभर वेळ होता, कधीही दुरुस्ती करता आली असती. भाऊ विचारायचा, "अर्ज दिला?" मी सांगायचो, "दिला. वेळ लागतो त्याला."

माझ्या मनात काय होतं तेही लिहितो. बंदूक सापडेल, अडकेल, भाऊ माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहील आणि म्हणेल, दादा, काहीतरी कर. मग मी साहेबांना भेटेन, दंडावर मिटवेन आणि घरी सगळ्यांना कळेल की दोघांतला कामाचा कोण. एवढाच माझा बेत होता. त्याला अटक होईल असं मला वाटलं नव्हतं. तसं वाटलं असतं तर मी थांबलो असतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

भाऊ, त्याची बायको आणि दहा वर्षांची मुलगी विमानाने आधीच घरी आले. नंतर कंटेनर लागला. तपासणीला मी आणि भाऊ दोघे गेलो. बंदराच्या शेडमध्ये पेट्या ओळीने मांडल्या होत्या. अधिकारी मराठीच होते, शांत बोलणारे. त्यांनी माझा कागद हातात घेऊन पाचसहा पेट्या उघडायला सांगितल्या. सतरावी त्यात होती.

आमच्याकडे जपायची वस्तू गोधडीत गुंडाळायची रीत आहे. घरातला पहिला रेडिओही आईने गोधडीतच ठेवला होता. भावाने रायफल आईच्याच गोधडीत गुंडाळून गादीच्या वळकटीत घातली होती, मार लागू नये म्हणून. पण कागदावर तिचा उल्लेख नाही म्हटल्यावर ते सरळसरळ लपवणं दिसत होतं.

साहेबांनी वळकटी सोडायला लावली. गोधडी उलगडली.

"हे काय आहे?"

"माझी रायफल," भाऊ म्हणाला. "यादीत आहे, साहेब."

साहेबांनी कागदावरून बोट फिरवलं. "इथे बेडिंग लिहिलंय."

भावाने माझ्याकडे पाहिलं. "दादा, मी लिवलेली यादी दाखव साहेबांना."

ती माझ्याच बॅगेत होती.

साहेबांनी मला विचारलं, "यांनी तुम्हाला बंदुकीचं सांगितलं होतं?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

"कोनती यादी दिली मी तुला?" भाऊ मला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "दादा, कोनती यादी दिली?"

"कसली यादी? फोनवर सांगितलंस तेवढंच मी लिहिलं."

पंचनामा झाला, पोलीस आले. भावाला गाडीत बसवताना त्याने मला एकच विचारलं, "अर्ज तरी दिलास का?" संध्याकाळी वाशीला ऑफिसात परत आलो, त्याची यादी, अर्ज आणि परवान्याची प्रत फाडून कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि रोजच्या वेळेला घरी गेलो.

अकरा दिवसांनी तो जामिनावर सुटला. घरात पाऊल टाकताच त्याने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी मला समोर उभं केलं.

"तुना ठाऊक व्हता?"

"नाही बाबा."

"त्यानी कागद धाडला व्हता?"

"नाही."

भाऊ म्हणाला, "बाबा, हा खोटं बोलतोय."

बाबा म्हणाले, "यानी माजी सेवा केलीय. तू काय केलंस? फोटो धाडलंस." मग उठून त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि माळ्यावर टाकला. ज्या फोटोपायी मी हे सगळं केलं तो असा गेला. त्या दिवशी मला बरं वाटलं. तीन वर्षांनी बाबा गेले, धाकट्याने घराला बट्टा लावला असं मानूनच गेले. शेवटच्या आजारपणात ते चार महिने अंथरुणावर होते. रोज सकाळी मी त्यांना पुसून काढायचो आणि रोज सकाळी सांगायचं टाळायचो.

गावात त्याला 'बंदूकवाला' नाव पडलं. जत्रेच्या कमिटीत त्याला घ्यायचं नाही असं ठरलं, ते सुचवणाऱ्यांत मीही होतो. कोर्टात सहा वर्षं तारखा पडल्या. आफ्रिकेतल्या परवान्याची मूळ प्रत त्याच्याजवळ होती म्हणून तो सुटला, पण निकालात शब्द होता 'संशयाचा फायदा देऊन'. गावाने त्यातला संशय तेवढा ठेवून घेतला. रबाळ्याच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. तिथेही पोलीस पडताळणी आली की आधी तेच निघायचं. मी लग्नाकार्यात त्याच्याशेजारून जायचो. तो पान थुंकायला उठायचा.

यंदा त्याची मुलगी आली. ती कॅनडात असते, मागच्या वर्षी तिला बाळ झालं. वडिलांना तिकडे न्यायचं म्हणून व्हिसाचा अर्ज केला होता. पूर्वी अटक झाली होती का, या प्रश्नाला भावाने खरं उत्तर लिहिलं आणि अर्ज नाकारला गेला. गावातलं घर सोडून आम्ही आता नेरूळच्या सोसायटीत राहतो, तिथे ती थेट आली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

बायकोने पाणी आणलं. "चहा टाकते."

"नको काकी. काकांकडे काम आहे, ते झालं की निघते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, मला एक अ‍ॅफिडेव्हिट हवंय. पप्पांनी तुम्हाला यादी दिली होती, असं."

बायको म्हणाली, "अगं, तो विषय कधीच संपला. उगाच का टेन्शन घेतेस?"

"तुमचा संपला असेल. आमच्या घरी तो रोज जेवायला बसतो. पप्पा माझ्या मुलीला मोबाईलवर बघतात, काकी. स्क्रीनवर हात फिरवतात."

"यांनी तेव्हाच सांगितलं होतं की यादी बिदी काही..."

"दिली होती," मी म्हणालो.

पुतणीला आश्चर्य वाटलं नाही. तिने पर्समधून पेन काढलं, जणू हे शब्द ठरल्या वेळेला आलेले होते. बायको मात्र पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

"तिच्या आईशी मी चोवीस वर्षं बोलले नाही," ती म्हणाली. "हळदीकुंकवाला बोलावलं नाही तिला. ती दारावरून गेली की मी दार लावायची. तुमच्या शब्दावर."

"हो."

"मग आता माझ्याशी बोलू नका थोडे दिवस." ते थोडे दिवस अजून चालू आहेत.

मी मराठीत मसुदा केला. इंग्रजी करण्याआधी भावाला दाखवावा म्हणून गावात गेलो. तो ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होता. बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच कागद दिला. त्याने चष्मा पुसला आणि सावकाश वाचला.

"अक्षर चांगलं हाय अजून," तो म्हणाला. "यो शब्द काय?"

मी वाकून पाहिलं. मी लिहिलं होतं, 'नजरचुकीने सदर वस्तूची नोंद करावयाची राहून गेली.'

"कायद्याची भाषा आहे ती," मी म्हणालो.

"नजर चुकली तुजी? बॅग मांडीवर घेऊन बसला व्हतास, तवा पन चुकली?"

"अरे, जाणूनबुजून असं लिहिलं तर माझ्यावरच काहीतरी..."

"चोवीस वर्षं झाली दादा, आता तुजा काय व्हनार हाय? मना आत टाकला तवा माजी पोर दहा वर्सांची व्हती." त्याने कागद परत केला. "खोटाच द्यायचा असंल तं नको देऊ. खोटा कागद माज्याकडं हाय एक, कोर्टाचा."

वाशीला नोटरीकडे गेलो. त्याने वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काका, हे गुन्हा कबूल करण्यासारखं आहे. इनोसंट मिस्टेक म्हणा, काम तेवढंच होईल." मी म्हणालो, जाणूनबुजून हाच शब्द घाला. यादी आणि अर्ज फाडल्याचंही घाला. त्याने खांदे उडवले आणि टाईप करायला दिलं.

शिक्का मारलेला कागद घेऊन परत भावाकडे गेलो. त्याने इंग्रजी वाचलं. इंग्रजी त्याचं माझ्याहून चांगलं आहे. या वेळी त्याने चूक काढली नाही. घडी घालून खिशात ठेवला.

"मला माफ कर, असं म्हणायला तोंड नाही," मी म्हणालो.

"मग नको म्हनू," तो म्हणाला. "यो कागद गोरे वाचतील. मना गोऱ्यांनी चोर म्हटला नाय. इकडं कोन वाचनार?"

"मी सांगेन ना गावात."

"तू सांगशील आनि चार जन म्हनतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. लिव. मराठीत. छापून आन. नावं नको टाकू कुनाची, गावाला कलंल कोन ते. आनि शेडमधला सगला लिव. साहेबांनी काय विचारलं, तू काय बोल्लास."

"लिहितो."

"घाई करू नको," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र उचललं.

दुसऱ्या अर्जावर त्याला व्हिसा मिळाला. गेल्या आठवड्यात तो मुलीबरोबर गेला, हे मला मासळी विकणारीकडून कळलं. निघण्याआधी कोणी सांगितलं नाही आणि सांगावं असं माझं काही उरलेलं नाही. शेडमधलं जसं घडलं तसं वर लिहिलं आहे. साहेबांनी विचारलं, यांनी तुम्हाला बंदुकीचं सांगितलं होतं का. त्याने सांगितलं होतं.