मामांचा जिन्याचा स्विच

एकदा डोक्यात घेतलेली गोष्ट सोडून देणं ज्याला जन्मात जमलं नाही असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. शहापुरातल्या गल्लीत त्यांचा माग दिवसभर खटखटतो, आणि मागाला विश्रांती असेल तेव्हा मामा बोलतात. एका लग्नात त्यांची चप्पल कुणीतरी घालून गेलं. दुसरा कुणी असता तर उरलेल्यांतली बरी बघून पायात सरकवून घरी आला असता. मामांनी पंगतीतून मांडवात फिरणाऱ्या प्रत्येकाचे पाय न्याहाळत जेवण उरकलं आणि शेवटी खुद्द नवरदेवाच्या काकांच्या पायातून चप्पल काढून आणली. ‘‘माझी चप्पल मला वळकती,’’ एवढंच म्हणाले.

हा हट्ट आमच्या चेष्टेचा विषय होता, तो मामींना अर्धांगाचा झटका येईपर्यंत. मामी हळूहळू चालू-बोलू लागल्या, पण उजवा हात काही हलेना. त्यांचं सगळं आयुष्य मागाशेजारी कांड्या भरण्यात गेलेलं. कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसणारी बोटाएवढी नळी; ती मोटारीवर गरगर फिरते आणि भरणाऱ्या बाईनं सूत बोटांतून सारखं सरकवत राहायचं. मशीन फिरायचं ते उजव्या हाताच्या सोयीनं. मामी भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या. एकदा जेवताना म्हणाल्या, ‘‘आता मी कशाला हाय ह्या घरात?’’ मामांनी ताट बाजूला सारलं. ‘‘मोटार उलटी फिरीवतो. डाव्या हातानं भर.’’

पहिल्यांदा त्यांनी पिनेतल्या दोन वायरींची अदलाबदल केली. मोटार होती तशीच फिरली. परत केली, परत तशीच. ‘‘लई हट्टी हाय ही,’’ मामा म्हणाले, आणि मामी आजारानंतर पहिल्यांदाच तोंडाला पदर लावून हसल्या. मी शहाणपणा करून सुचवलं की मोटारीवरून नळीकडे जाणाऱ्या पट्ट्याला एक तिढा घातला की नळी आपोआप उलटी फिरेल. ‘‘आणि परत सुलटी करायची झाली तर तो तिढा तिनं एका हातानं सोडायचा व्हय, जावईबापू?’’ गल्लीतला वायरमन म्हणाला, आतली जोडणी बदलून कायमची उलटी करून देतो. त्यावर मामा असे भडकले की बिचारा चहा न पिताच गेला. ‘‘कायमची? आणि हात बरा झाल्यावर?’’

हात बरा होणार नाही हे डॉक्टरांनी मामांना समोर बसवून सांगितलं होतं. मामांनी ते नीट ऐकून घेतलं होतं, मानलं नव्हतं.

मग ते पिरनवाडीच्या भंगारवाल्याकडून जुन्या वॉशिंग मशीनची मोटार घेऊन आले. ‘‘कापडं धुताना ही एकदा हिकडं फिरती, एकदा तिकडं. हिला दोन्ही येतंय!’’ तिला तीन वायरी होत्या. एक कायमची, आणि उरलेल्या दोघींच्या मध्ये करंट साठवणारा कंडेन्सर. करंट एकीत सोडला की मोटार उजवीकडे फिरते, दुसरीत सोडला की डावीकडे. म्हणजे जिन्याच्या दिव्याला असतो तसा दोन वाटांचा स्विच हवा. तो आणायला आम्ही कॅम्पातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. ‘‘मामा, तुमचं घर बैठं. जिना कुठनं आणलासा?’’ ‘‘पुढं बांधीन की,’’ मामा म्हणाले.

जोडणीच्या दिवशी मात्र विणकराची सवय नडली. तुटलेल्या सुताची टोकं थुंकी लावून पिळायची, तशीच मामांनी वायरीची टोकं ओल्या बोटांनी पिळायला घेतली. पिन काढलेली होती, पण कंडेन्सरच्या पोटात करंट उरला होता. मामा बसल्या जागी उडाले आणि त्यांचा चष्मा सुताच्या टोपलीत जाऊन पडला. ‘‘अवो, ऱ्हाऊ द्या आता! हात न्हाय तर न्हाय,’’ मामी रडकुंडीला येऊन म्हणाल्या. मामांनी चष्मा पुसला, कंडेन्सरची दोन्ही टोकं लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं टेकवून ठिणगी काढली, बोटं धोतराला कोरडी केली आणि पुन्हा बसले. दुपारी मोटार डावीकडे फिरली. मामींनी डाव्या हातानं भरलेली पहिली कांडी पोटाशी सैल आणि टोकाला फुगलेली होती. मामांनी तीच धोट्यात घातली. सूत दहा ठिकाणी तुटलं, प्रत्येक वेळी त्यांनी निमूटपणे गाठ मारली आणि कांडी संपेपर्यंत विणलं.

आता मामींच्या कांड्या सुरेख होतात. पण रोज सकाळी मशीन चालू करण्याआधी मामा स्विच उजवीकडे करून मोटार क्षणभर फिरवून बघतात, ती पूर्ण थांबू देतात, आणि मग स्विचवर बोट ठेवून मामींना विचारतात, ‘‘आज कुठलं? उजवं का डावं?’’

या प्रश्नाची आम्ही पूर्वी घरी येऊन नक्कल करायचो. परवा मी तिथंच होतो. मामींनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं, डाव्या हातानं तो उचलून नीट ठेवला आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, ‘‘आजच्या दिवस डावंच ऱ्हाऊ द्या.’’

‘‘बरं. उद्या बघू,’’ मामा म्हणाले, आणि त्यांनी स्विच वळवला. ती नक्कल मला आता जमत नाही.