आपापलं घर शोधायचं नाही

परवा एका लग्नात आमच्या नकाशा सेक्शनची जुनी मंडळी बऱ्याच वर्षांनी भेटली. हातात प्लेटा घेऊन पनीरसमोर उभे राहिलो न राहिलो तोच मेश्राम म्हणाला, "दीदी, वो सोनार याद है?" झालं! मागची रांग खोळंबली, पण आमचे किस्से संपेनात. हे किस्से आम्ही कधी मुद्दाम जमवले नाहीत. सेक्शनमध्ये होतो तोवर ते साचत गेले. आता हसत सांगतो, पण घडले तेव्हा आमची प्रत्येकाची पाचावर धारण बसलेली होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. राज्य नवीन, राजधानी नवीन, आणि रायपुरात ऑफिसांना जागा नाही. आमच्या सेक्शनला एका जुन्या सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्या मिळाल्या. नकाशांना वेगळी खोली हवी म्हणून साहेबांनी नळ बंद करून बाथरूम दिली. इंग्रजांच्या काळातले बंदोबस्ताचे, म्हणजे जमीनमोजणीचे नकाशे, मागून कापड चिकटवलेले, आणि ते बाथरूममध्ये गुंडाळून उभे!

काम तसं सोपं. जुन्या नकाशाचं ट्रेसिंग काढायचं, ते आजच्या नकाशावर ठेवायचं आणि गावाचं शहर होताना काय काय गेलं ते पाहायचं. रायपुरात काय गेलं ते सगळ्यांना माहीत होतं. तळी गेली. जुन्या शीटवर जागोजागी निळं, आणि नव्या शीटवर तिथेच कॉलनी, शाळा, गोडाऊन. शहरात बोलवा उठली होती की जिथे तळं निघेल तिथली घरं पाडणार. खरं काय होणार ते आम्हालाही माहीत नव्हतं. आमचा रिपोर्ट वर जायचा, पुढचं वरच्यांच्या हातात.

आता माझं सांगते. बाबा रेल्वेत होते. मी लहान असताना त्यांनी रेल्वे क्वार्टर सोडून शहराच्या कडेला घर बांधलं. आई गेल्यावर तिथे मी आणि बाबा दोघंच. आमच्या गल्लीची जमीन आजूबाजूपेक्षा खोलगट आहे. नकाशाच्या नोकरीत लागल्यावर त्या खोलगटपणाकडे माझं लक्ष गेलं आणि मनात भीती बसली ती बसलीच. बाबांना मी सांगून ठेवलं होतं की आम्ही रस्त्यांचे नकाशे काढतो.

*

आमचे साहेब म्हणजे बोरकर. मूळ नागपूरचे, भोपाळहून बदलून आलेले, बोलायला एकदम मोकळे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं: मी, ट्रेसिंग करणारे देवांगन भैया आणि कॉम्प्युटरवरचा मेश्राम. मेश्राम आपलाच मराठी पोरगा, पण त्याच्याशी मराठीत बोला, तो हिंदीत उत्तर देणार.

साहेब म्हणाले, "एकच नियम आहे. आपापलं घर शोधायचं नाही. ज्याचं घर ज्या शीटवर, ती शीट त्यानं हातात घ्यायची नाही."

मी विचारलं, "काहून साहेब?"

"ज्याले आपलं घर दिसते ना ताई, त्याची पेन्सिल हालते."

आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून आमच्यापैकी कुणी आपल्या मोहल्ल्याच्या शीटला हात लावला नाही. माझी शीट बाथरूममध्ये डाव्या कोपऱ्यात होती. मी उजव्या कोपऱ्यातली शीट काढायला जायची तेव्हाही मान तिकडे वळू देत नसे.

*

तर तो सदर बाजारचा सोनार. तळ्यांसोबत जुन्या विहिरीही दाखवायच्या होत्या म्हणून आम्ही टेप घेऊन बाजारात गेलो. टेप बाहेर काढताच गल्लीत खबर पसरली की रस्ता रुंद होणार. शटरं खाली येऊ लागली. डाव्या बाजूचे दुकानदार आम्हाला थंडा पाजून समजावू लागले की जागा उजवीकडे जास्त आहे, आणि उजवीकडचे चहा घेऊन डावीकडची थोरवी सांगायला उभेच!

साहेबांना वाटलं, खरं सांगून टाकावं, लोकांचा जीव भांड्यात पडेल. ते मोठ्याने म्हणाले की रस्त्याशी आमचा काही संबंध नाही, आम्ही एक जुनी विहीर शोधतोय. क्षणभर सगळे खूश. मग एकाने हळूच विचारलं, विहीर कुणाच्या दुकानाखाली आहे?

टेप जाऊन थांबली ती एका म्हाताऱ्या सोनाराच्या गादीपाशी. नकाशाप्रमाणे विहीर बरोबर त्याच्या बैठकीखाली. जन्मभर तो तिथे मांडी घालून सोनं तोलत होता. तो उठला तो सरळ भिंतीला चिकटून उभा राहिला. मेश्रामने त्याला समजावलं की विहीर कधीच बुजली असणार, इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?

तो म्हणाला, "बेटा, अब तक मुझे मालूम नहीं था ना."

पुढे मी तिथे पैंजण घ्यायला गेले तेव्हा गादी दुसऱ्या भिंतीकडे सरकली होती. जुन्या जागेवर त्याने गिऱ्हाइकांच्या खुर्च्या मांडल्या होत्या!

*

उरला या कारखान्यांच्या भागात मी आणि मेश्राम गेलो होतो. चहूकडे रोलिंग मिला, ट्रक, धूळ. डोळे उघडे ठेवणं मुश्कील. जुन्या शीटवर तिथे शेतं, एक तळं आणि तळ्याच्या काठाला गावाचं मसान. आज त्या मसानावर मजुरांच्या खोल्यांची लांब चाळ.

नकाशा उघडल्याबरोबर शिफ्टवरून आलेली माणसं भोवती जमली. कुणाची बायको बाळंतीण, कुणाची पोरं आत झोपलेली. एका उंच माणसाने नकाशावर काळं बोट ठेवून विचारलं, यहाँ पहले क्या था? बोट बरोबर मसानावर! मी मेश्रामकडे पाहिलं.

मेश्राम म्हणाला, "बगीचा."

"काहे का बगीचा?"

"आम का."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. एकाने आम्हाला खाटेवर बसवून गुळाचा चहा दिला. परतताना मेश्राम बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून बसला होता आणि त्याला थंडी वाजत होती. दोन दिवस ताप. शीटवर मात्र त्याने मसान ते मसानच लिहिलं.

वर्षभराने पुन्हा त्या बाजूला जाणं झालं. चाळीच्या तोंडाशी पाटी लागली होती, 'बगीचा लाइन'. आणि पाटीखाली आंब्याचं एक रोप, काट्यांचं कुंपण केलेलं!

*

एक किस्सा सांगताना साहेब अजूनही हसत नाहीत.

एका बिल्डरचा माणूस ऑफिसात आला. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा डबा, बोलणं अतिशय गोड. त्यांची नवी कॉलनी जिथे उभी राहत होती तिथे आमच्या ट्रेसिंगमध्ये तळं निघालं होतं. त्याने तळ्याचं नावही काढलं नाही. नवीन गाव कसं वाटतं, पाणी मानवतं का, अशी चौकशी केली. मग उठता उठता म्हणाला, "आपकी बिटिया साइकिल से जाती है ना साहब? नहर वाले रास्ते से? वहाँ ट्रक बहुत चलते हैं."

डबा टेबलावर ठेवून तो गेला. पंखा फिरत होता आणि साहेबांच्या कपाळावर घाम. डबा बाजूला सारून ते देवांगन भैयांना म्हणाले, "तळं जितकं आहे तितकंच दाखवा. मिठाई कोणी खाऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून साहेब मुलीला स्कूटरवर शाळेत सोडायला लागले. मुलगी मोठी, मैत्रिणींसमोर तिला लाज वाटायची. कारण त्यांनी तिला सांगितलं नाही. साहेब रोज उशिरा यायचे आणि हेल्मेट काढल्यावर काही वेळ नुसते बसून राहायचे. आम्ही त्यांच्यासमोर चहा ठेवायचो आणि कामाला लागायचो.

*

आमच्या हातून झालेली मोठी चूक सांगायलाच हवी.

जुना नकाशा नव्यावर बसवायला न हलणारी खूण लागते. घरं पडतात, रस्ते सरकतात, म्हणून आम्ही देवळं धरायचो. एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हनुमानाचं देऊळ होतं. दोन्ही नकाशांत देऊळ, मग काय पाहायचं? देवळावर देऊळ ठेवलं आणि तळं येऊन पडलं एका मास्तरांच्या गल्लीवर.

बातमी कशी फुटली कोण जाणे. गल्लीत रडारड. पाडणारे येण्याआधी सामान तरी वाचवावं म्हणून मास्तरांनी घराची दारं-खिडक्या काढून ट्रॉलीत भरल्या. सागवानी दारं, सासऱ्यांनी दिलेली! चौकटी नुसत्या उघड्या, आणि आत मास्तरीणबाई भाकरी थापताना रस्त्यावरून दिसायच्या.

मी आणि देवांगन भैया शेवटची मापं घ्यायला देवळात गेलो. पुजारी नारळ फोडता फोडता सहज बोलला की बजरंगबली आधी तिकडे पिंपळाखाली होते, रस्ता झाला तेव्हा वाजतगाजत इकडे आणले. देवांगन भैयांनी टेप खाली ठेवली. "दीदी, देवता घलो रेंग दिस!" म्हणजे, देवसुद्धा चालून आले!

पुन्हा मोजलं. तळं मास्तरांच्या गल्लीवरून उठलं आणि मागच्या गल्लीवर जाऊन बसलं. मास्तरांच्या गल्लीत पेढे वाटले, आणि मागच्या गल्लीत त्या दिवशी चूल पेटली नाही. काल एकमेकांना धीर देणारी माणसं आज एकमेकांकडे पाहीनात. ते मलाही पेढे देत होते. मी हातात घेतले, पण तोंडात टाकवेना.

तेव्हापासून साहेब प्रत्येक देवळात आधी हात जोडून विचारायचे, "देवा, तू इथलाच ना?"

*

आणि मग माझी शीट निघाली.

सकाळी बाथरूमचं दार उघडं दिसलं आणि डावा कोपरा रिकामा. देवांगन भैयांनी शीट टेबलावर पसरली होती. साहेब मला म्हणाले, "ताई, आज सुट्टी घ्या." मी म्हटलं, नाही, मी इथेच बसते. खिडकीकडे तोंड करून मी बसून राहिले. पाठीमागे पेन्सिलीचा आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा आणि माझा श्वासही थांबायचा. जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा उघडला नाही.

दुपार कलल्यावर देवांगन भैया माझ्या खुर्चीपाशी आले. त्यांनी होकारार्थी मान हलवली. आमचं घर तळ्याच्या काठालाही नव्हतं, पार आत होतं.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. फाटक उघडलं, पण आत जाववेना. बाबांना काय सांगायचं? त्यांना हृदयाचा त्रास, गोळ्या चालू, आणि त्यांच्या आयुष्याची कमाई म्हणजे हे घर. मी पुढच्या दाराच्या पायरीवरच बसले. चप्पलही काढली नाही.

बाबा आतून आले. गुडघ्यावर हात दाबत माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, "आपली शीट निघाली काय?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. शीट हा शब्द मी घरात कधी उच्चारला नव्हता.

"तळ्यात आहे?"

"हो बाबा. पूर्ण."

त्यांनी मान डोलावली. मग आम्ही बसलो होतो तो दगड हाताने थापटला. "पाया खोदला तवा हे निघाले. एकाखाली एक, पायऱ्याच पायऱ्या. मिस्त्री म्हणे, बाबूजी, ये तालाब की पचरी है, म्हंजे तळ्याचा घाट. त्यातला एक इथं लावला, बाकीचे पुन्हा बुजवले."

मी विचारलं, "मंग इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?"

"तुही आई नव्या घराच्या आनंदात होती. मंग तू लहान होती. मंग तू त्या ऑफिसात लागली. तिथं कोणाची शीट निघाली, सारं गाव बोलते." बाबा फाटकाकडे पाहत होते. "तवापासून रोज संध्याकाळी मी खिडकीत उभा राहतो, अन् तू फाटक उघडली का आधी तुह्या तोंडाकडे पाहतो."