बुरुजातली काच

आमच्या गावच्या समुद्रकिल्ल्याच्या बुरुजात आता कलादालन झालंय. काम देखणं आहे, एकही दगड हलवलेला नाही. फक्त जुन्या झरोक्यांना जाड काच बसवलीय.

कोळीवाड्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. होडी परतली नाही, तरच या झरोक्यातून समुद्राकडे नावानं हाक मारायची. माझ्या काकांची होडी परतलीच नाही. काकी अजून दर अवसेला हाक घालते.

काल तिच्यासोबत मी होते. सवयीनं तिनं झरोक्याशी तोंड नेलं. काचेवर वाफ धरली आणि काकांचं नाव दालनभर घुमलं. चित्रं बघणारे वळून आमच्याकडे पाहू लागले. काकीनं पदर तोंडावर ओढला.

“सगल्यांनी आयकला गो,” ती पुटपुटली, “त्यांनीच नाय.”