चांदीचा खरारा

मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथं मी बंद पडलेली मशीनं चालू करतो आणि सुट्टीला घरी राहिलो, की चालू असलेली कामं बंद पाडतो. (हे मत माझी बायको वैशाली हिचं. ती विचारल्याशिवायही सांगते.)

काय करणार, मला स्वस्थ बसवतच नाही. निमगाव केतकीजवळ वस्तीवर आमची एकच गाय, चांदी. धार काढण्याआधी आई तिला दहा मिनिटं ब्रशनं खरारा करायची, अंग खसाखसा घासायची. त्याशिवाय चांदी पान्हा सोडायची नाही. एका रविवारी आई खांदा चोळत म्हणाली, "हात भरून येतो रं आता."

झालं! मी माझे पान्हे घेऊन गोठ्यात शिरलो. (ते लोखंडाचे.) जुन्या कूलरची मोटर, भंगारातला गोल ब्रश, दोन पुल्या आणि एक पट्टा. गाईनं अंग टेकवलं, की बटण दाबलं जाऊन ब्रश फिरायला लागणार, तो बटण बंद करेपर्यंत.

पहिल्या दिवशी मोटर घुर्रर्र करून फिरली. चांदीनं दावं तोडलं, बादली लाथाडली आणि शेजारच्या तात्यांच्या कडवळात, हिरव्या चाऱ्यात, जाऊन उभी राहिली. तिला परत आणायला पाऊण तास लागला. तात्यांचं ऐकून घ्यायला आणखी पाऊण तास.

मी मोठी पुली बसवून वेग कमी केला. तिसऱ्या दिवशी चांदी डोळे मिटून ब्रशला टेकली, ती हलेचना. आई खूश. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोणी नसताना स्वतःची पाठ लावून बघितली. त्यांची बंडी ब्रशला अशी गुंडाळली गेली, की कात्रीनं कापून त्यांना सोडवावं लागलं.

"मशीन चांगलं हाय," आबा उघड्या अंगानं म्हणाले. "बंडीच जुनी होती."

पंधरा दिवस असे सुखात गेले. मग सोमवारी पहाटे वस्तीवरचा डीपी जळाला आणि लाईट गेली. चांदी जाऊन ब्रशला टेकली. ब्रश गप्प. तिनं दोनदा ढुशी दिली, आमच्याकडं बघितलं आणि पान्हा चोरला.

आईनं हातानं खरारा केला. थेंब नाही. वैशालीनं पेंड पुढं केली. चांदीनं पेंड खाल्ली, दूध दिलं नाही. इकडं डेअरी आठला बंद होणार, आणि आचळं दुधानं टरारलेली.

"असंच ऱ्हायलं तर कास सुजंल," आई रडवेली होऊन म्हणाली. "माझं मी करत हुते, ते बरं हुतं."

आबा चांदीकडं बघत होते. ते म्हणाले, "तिला त्यो आवाज पायजे."

"मोटरचा?"

"व्हय. काढ की."

मी हातात ब्रश घेतला, चांदीच्या पाठीशी उभा राहिलो आणि तोंडानं घुर्रर्र केलं. चांदीनं कान हलवले. मी आवाज वाढवला. तिनं डोळे मिटले आणि आईच्या बादलीत धार वाजली. मध्ये श्वास घ्यायला थांबलो, तर धारही थांबली.

नवा डीपी यायला चार दिवस लागले. सकाळ-संध्याकाळ घुर्रर्र. मी साहेबांना रजेसाठी फोन केला.

"कारण काय?"

"घरचं मशीन बंद आहे, साहेब."

"अरे, मग दुरुस्त कर. तुझं कामच आहे ते."

"करता येत नाही. सध्या मशीनच्या जागी मी आहे."

साहेबांनी रजा दिली.

पाचव्या दिवशी लाईट आली. मी घाईनं बटण दाबलं, मोटर फिरली, आणि मी कामावर निघायला चपला घातल्या. तेवढ्यात गोठ्यातून आईची हाक आली. जाऊन बघतो, तर चांदी ब्रशपासून लांब सरकून दाराकडं बघत उभी. मोटर नीट चालत होती, पण तिला आता मोटरचा आवाज पटत नव्हता.

मी मुकाट्यानं बटण बंद केलं, ब्रश उचलला आणि घसा खाकरला.

वैशाली दारात डबा घेऊन उभी होती. "कंपनीत पर्मनंट व्हायला तुमाला सात वर्षं लागली," ती म्हणाली. "हितं चार दिवसांत झालात."